ते हिरवं होतं

काल रात्री भाच्यानं मोबाइलवर लावून दिला तो खेळ.
म्हणे, मामा, तुमच्या काळातला, घ्या.
बोटाखाली बटण नाही, नुसती काच. तरी अंगठा
आपला आपण वळला, सव्वीस वर्षांनी,
जिथं उडी मारायची तिथंच.

आणि पहिल्यांदा पाहिलं
की आभाळ निळं होतं.

कोणी सांगितलंच नव्हतं.
इस्तारी कोहपऱ्यांचा टीव्ही कृष्णधवल,
राइस मिलच्या चौकीदाराच्या खोलीत, कोंड्याच्या पोत्यांवर ठेवलेला.
त्याला जोडलेला, पालांदूरच्या मंडईतून आणलेला
पांढरा डबा, दोन रिमोट, पिवळी कॅसेट,
कॅसेटवर छापलेलं : नऊ हजार नऊशे नव्व्याण्णव.
खेळ सातच.
सातानंतर पुन्हा तेच, नाव बदलून,
कधी मधल्याच पायरीवरून सुरू.
आम्ही ते सगळे मोजायला निघालो होतो.
चारशे बारापर्यंत गेलो, वहीत लिहून.
मग धान आलं, मिल सुरू झाली, व्होल्टेज गेलं.

कॅसेट अडली की फुंकायची.
आतून भुसा निघायचा, खरोखरच.

अर्ध्या तासाचा एक रुपया.
नसेल तर कोंड्याचं एक पोतं भरून द्यायचं.
बेबीनंदा उइके पोतंच भरायची.
पापण्यांवर भुसा घेऊन यायची
आणि पहिला रिमोट तिचा, यावर वाद नव्हता.
दुसऱ्याचं गोळीचं बटण आत रुतलेलं,
तो माझा.
ती मारायची, मी उडायचो. सगळी चौथी, सगळी पाचवी,
मी नुसता उडायचो.
त्याचं वाईट वाटायचं की नाही
हे आज आठवत नाही, की आठवायचं नाही, देव जाणे.

लाइन गेली की गेलं सगळं,
पुन्हा पहिल्या भिंतीपासून.

लोक म्हणतात, तेच खरे खेळ होते.
मी काल खेळलो ना.
फालतू आहे. चार मिनिटांत कंटाळा आला.
दुश्मन एका रेषेत चालत येतात मरायला, बिचारे,
संगीत म्हणजे डबीत कोंडलेला भुंगा.
तेव्हा हे कसं दिसलं नाही?
दिसायला होतंच काय तिथं,
राखाडीचे सहा प्रकार. बाकीचं आम्ही भरायचो.
ती म्हणायची, आपल्या गड्याचा शर्ट पळसाच्या फुलाचा.
मी म्हणायचो, खाकी.
(निघाला जांभळा.)

सातव्या खेळाच्या शेवटी एक पट्टा होता,
पांढुरका, हलणारा. पडलं की संपलं.
मी म्हणायचो पाणी. मी वैनगंगा पाहिली होती, पुरातली.
ती म्हणायची विस्तव.
काहून, तर तो बुडत नाही, पाय लागताच मरते.
दोन दिवस अबोला.
शेवटी इस्तारीनं निकाल दिला,
'पोट्टेहो, करंट असन थो,' आणि बिडी पेटवली.

काल तिथवर पोचलो.
भाच्यानं काहीतरी दाबून जीव तीनाचे नव्वद केले, तेव्हा कुठं.
पट्टा हिरवा होता.
साधा हिरवा, मिरगातल्या पऱ्ह्यासारखा.

साडेदहाला फोन केला.
साकोली डेपोत कंडक्टर आहे ती,
काल मुक्कामी गाडीवर, अर्जुनी मोरगावला.
'बेबीनंदा, ते हिरवं होतं.'
पलीकडे नाणी मोजणं थांबलं.
'काय हिरवं?'
'ते. शेवटचं.'
बराच वेळ काही नाही. कुठंतरी इंजिन बंद झालं.
'मंग पऱ्हे असन,' ती म्हणाली.
'पऱ्ह्यात पडून कोण मरते?'
'तू. दुसरं कोण. उडाचं तेवढं काम होतं तुले,
अन् पडत तूच होता.'

मग म्हणाली, थांब जरा,
हिशेबात सात रुपये कमी येऊन राहिले,
आणि पहिल्या नाण्यापासून पुन्हा मोजायला लागली.
मी फोन कानाशी धरून ऐकत राहिलो.